'फुल' म्हणजे नक्की किती फुल?

खराडीत आयटीमध्ये काम करणाऱ्या माणसाचं एक ठरलेलं चक्र असतं. पहिलं प्रमोशन, दुसरा बोनस, मग टीमबरोबर भिगवणची नाहीतर हरिश्चंद्रगडाची ट्रिप, आणि परत आल्यावर कॅमेरा घ्यायची खाज. मग एक दिवस कॅन्टीनमध्ये चहा घेताना तो ठरलेला प्रश्न येतो, "फुल-फ्रेम घेऊ का क्रॉप?" टेबलावर लगेच दोन पार्ट्या पडतात, आणि चहा गार होईपर्यंत भांडण चालतं.

या भांडणात एक गोष्ट मला नेहमी जाणवते. क्रॉपवाला कायम थोडं खाली बघून बोलतो. "सध्या क्रॉप घेतो, पुढे जाईन फुल-फ्रेमवर." म्हणजे जणू आज वन बीएचके घेतोय आणि डोळे टू बीएचकेवर आहेत. फुल-फ्रेमवाल्याला असं काही स्पष्टीकरण द्यावं लागत नाही. त्याने ईएमआय काढून कॅमेरा घेतलेला असला तरी!

मंडळी, हा सगळा शब्दांचा प्रताप आहे. 'फुल' म्हणजे पूर्ण. 'क्रॉप' म्हणजे कापलेलं. आता पैसे मोजून कापलेली वस्तू कुणाला आवडेल? म्हणून या वीकेंडला ठरवलं की आधी या 'फुल'चाच इतिहास बघायचा. हे पूर्णत्व ठरवलं कुणी, कधी आणि कशावरून? गंमत म्हणजे ही गोष्ट गिरगाव, दादर, कोल्हापूर करत करत आपल्या प्रभात रोडपर्यंत येते.

(ज्यांना फक्त 'काय घेऊ ते सांग' एवढंच हवंय त्यांनी सरळ शेवटच्या भागावर उडी मारावी. पण मग अर्धी मजा जाईल :-) )

आधी थोडी उजळणी

लेन्समधून आलेला प्रकाश ज्या आयतावर पडतो तो सेन्सर. फुल-फ्रेम सेन्सर ३६ × २४ मिमी. क्रॉप, म्हणजे ज्याला एपीएस-सी म्हणतात तो, निकॉन, सोनी, फुजीचा साधारण २३.५ × १५.६ मिमी आणि कॅननचा त्याहून किंचित लहान, २२.३ × १४.९ मिमी. लेन्स तीच ठेवली तर लहान सेन्सर चित्राचा मधला भागच टिपतो, त्यामुळे फोटो जवळून काढल्यासारखा वाटतो. दोन्ही सेन्सरच्या कर्णांचं गुणोत्तर काढलं की येतो 'क्रॉप फॅक्टर': निकॉन वगैरेंचा १.५, कॅननचा १.६. क्रॉपवर ५० मिमीची लेन्स लावली की फुल-फ्रेमवरच्या ७५ मिमीएवढं दृश्य दिसतं.

इथे एक गोष्ट नीट बघा. कुठलाही क्रॉप फॅक्टर काढताना आपण ३६ × २४ ला १ धरतो. का बरं? निसर्गाने तर तसं काही सांगितलेलं नाही.

फुल प्लेटचे दिवस

मुंबईत १८५४ साली 'फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे' स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या सुरुवातीच्या भारतीय सभासदांपैकी. नारायण दाजी तर स्वतः उत्तम फोटो काढत. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग निघाला. तिथे शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत स्वतःचा स्टुडिओ काढला.

ही माणसं काचेवर फोटो काढत. काचेवर रसायन ओतायचं, ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, फोटो घ्यायचा आणि वाळायच्या आत धुवायची. प्रिंट काढायची पद्धत तर आणखी सरळ. काच कागदावर ठेवायची आणि उन्हात धरायची. म्हणजे काच जेवढी, फोटो तेवढाच! मोठा फोटो हवा असेल तर मोठी काच, मोठी काच म्हणजे मोठा कॅमेरा, आणि मोठा कॅमेरा म्हणजे तो वाहायला आणखी माणसं.

या काचांची ठरलेली मापं होती. सगळ्यात प्रसिद्ध माप साडेसहा बाय साडेआठ इंच. तीच 'फुल प्लेट'. तिची निम्मी ती हाफ प्लेट, चौथाई ती क्वार्टर प्लेट. आपल्याकडच्या जुन्या स्टुडिओवाल्यांच्या तोंडी हे शब्द काचा जाऊन कितीतरी वर्षं झाली तरी होते.

म्हणजे फोटोग्राफीतला पहिला 'फुल' हा होता. मिलिमीटरमध्ये मोजला तर १६५ × २१६, क्षेत्रफळ साधारण ३५,६०० चौरस मिमी. आजच्या फुल-फ्रेमचं क्षेत्रफळ ८६४. म्हणजे एका फुल प्लेटमध्ये आपले एक्केचाळीस फुल-फ्रेम मावतात! त्या स्टुडिओवाल्याला आपला महागडा फुल-फ्रेम सेन्सर दाखवला असता तर त्याने विचारलं असतं, "हा नमुना दिसतोय. मूळ काच कुठाय?"

पन्नास पौंडांचा कॅमेरा

मग काच गेली आणि फिल्मची गुंडाळी आली. १८९० च्या आसपास अमेरिकेत एडिसनच्या प्रयोगशाळेत डिक्सन नावाचा इंजिनिअर हलत्या चित्रांचा कॅमेरा बनवत होता. ईस्टमन कंपनीची फिल्म ७० मिमी रुंद मिळत होती. डिक्सनने ती उभी मधोमध कापली. झाली ३५ मिमी! दोन्ही कडांना भोकं पाडली आणि मधे साधारण एक इंच रुंद, पाऊण इंच उंच चित्र बसवलं. आज आपण ज्या मापाला वेदवाक्य मानतो त्याचा उगम हा असा आहे. बाजारात मिळणारा माल निम्मा केला, बस्स. १९०९ च्या सुमाराला हे माप जगभरच्या सिनेमावाल्यांनी मानक म्हणून मान्य केलं.

आता आपल्या घरच्या माणसाकडे येऊ. धुंडिराज गोविंद फाळके, जन्म त्र्यंबकेश्वर, १८७०. आपण त्यांना सिनेमावाले म्हणून ओळखतो, पण आधी ते फोटोग्राफर होते. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकले, गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढला. प्लेगच्या साथीत बायको आणि मूल गेलं आणि त्यांनी गोध्रा सोडलं. पुढे पुरातत्त्व खात्यात नोकरी, मग लोणावळ्याला छपाईचा व्यवसाय. १९११ च्या सुमारास मुंबईत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला आणि डोक्यात किडा शिरला.

विमा पॉलिसी गहाण टाकून फाळके फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडनला गेले. 'बायोस्कोप' साप्ताहिकाचे संपादक कॅबोर्न यांना भेटले, वॉल्टनला सेसिल हेपवर्थचा स्टुडिओ पाहिला आणि पन्नास पौंडांना विल्यमसन कंपनीचा कॅमेरा मागवला. सोबत कोडॅकची कच्ची फिल्म आणि तिला भोकं पाडायचं यंत्र. कारण फिल्म तेव्हा कोरी यायची, कडांची भोकं आपली आपण पाडायची. दादरच्या घरी हे काम सरस्वतीबाई फाळके अंधारात बसून करत. फिल्म धुवायलाही त्या असत, आणि त्याच वेळी सगळ्या कलाकारांचा स्वयंपाकही. आपल्याकडच्या पहिल्या टेक्निकल टीममधलं हे नाव श्रेयनामावलीत नसतं, म्हणून इथे मुद्दाम लिहिलं.

कर्ज देणाऱ्यांना खात्री पटावी म्हणून फाळक्यांनी आधी एक छोटा प्रयोग केला. कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ त्यांनी बरेच दिवस टप्प्याटप्प्याने टिपली. 'अंकुराची वाढ' ही आपल्याकडची पहिली टाइमलॅप्स म्हणायला हरकत नाही. (आजच्या भाषेत: आधी पीओसी दाखवला, मग फंडिंग मिळालं.) ३ मे १९१३ ला गिरगावातल्या कोरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' लागला.

या कॅमेऱ्यातली फ्रेम होती साधारण २४.९ × १८.७ मिमी. कर्ण ३१.१ मिमी. फुल-फ्रेमचा कर्ण ४३.३. भागाकार करा: १.३९.

म्हणजे, मंडळी, 'राजा हरिश्चंद्र' १.४ क्रॉपवर काढलाय! आणि फाळक्यांना, हेपवर्थला किंवा जगातल्या कुठल्याही सिनेमावाल्याला ती फ्रेम कापलेली वाटत नव्हती. तीच पूर्ण होती. आपला आजचा 'फुल' तेव्हा जन्मालाही आला नव्हता.

ज्याला 'छोटा' म्हणत तो

तो जन्मला नेमका त्याच सुमाराला, जर्मनीतल्या वेट्झलार गावात. तिथल्या लाइट्झ कंपनीत ऑस्कर बार्नाक नावाचा मेकॅनिक होता. त्याला दम्याचा त्रास होता आणि डोंगरात फिरून फोटो काढायची हौस होती. काचांचा जड संसार पाठीवर घेऊन चढणं त्याला झेपत नव्हतं. सह्याद्रीत ट्रायपॉड वाहिलेल्या कुणालाही हे दुःख कळेल!

१९१३-१४ च्या सुमारास त्याने सिनेमाची फिल्म वापरणारा खिशातला कॅमेरा बनवला. सिनेमात फिल्म उभी सरकते, याने आडवी सरकवली आणि सिनेमाच्या दोन फ्रेम मिळून एक फोटो केला. १८ चे झाले ३६, आणि २४ राहिले २४. झालं ३६ × २४! पहिल्या महायुद्धामुळे काम रखडलं. १९२५ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत तो 'लायका' म्हणून विक्रीला आला.

लोकांनी त्याला काय म्हणावं? जर्मन भाषेत 'क्लाइनबिल्ड', म्हणजे छोटं चित्र. इंग्रजीत 'मिनिएचर कॅमेरा'. मोठ्या प्लेटा वापरणाऱ्या व्यावसायिकांना ते खेळणं वाटलं. एवढ्याशा निगेटिव्हमधून मोठा फोटो काढला तर दाणे दिसणार, बारकावे जाणार, अशी कुरकूर झाली. ओळखीची वाटते ना? कॅन्टीनमध्ये क्रॉपबद्दल आपण जे ऐकतो ते शब्दशः हेच.

आज ज्याला आपण 'पूर्ण' म्हणतो तो जन्मला तेव्हा त्याचं नावच 'छोटा' होतं. या एका वाक्यासाठी हा सगळा लेख लिहिलाय म्हटलं तरी चालेल.

कोल्हापूर ते प्रभात रोड

परत इकडे येऊ. कोल्हापुरात बाबुराव पेंटर यांनी, आधी भाऊ आनंदराव आणि मग विष्णुपंत दामले यांच्या साथीने, १९१८ च्या सुमारास चक्क स्वतःचा सिनेमा कॅमेरा बनवला. 'महाराष्ट्र फिल्म कंपनी'चा 'सैरंध्री' १९२० मध्ये आला. आता विचार करा, कॅमेरा स्वतःचाच आहे म्हटल्यावर फ्रेम हवी तेवढी ठेवता आली असती. पण तसं करून चाललं नसतं. कच्ची फिल्म बाहेरून येणार ती ३५ मिमी, थिएटरातली प्रोजेक्टर यंत्रं त्याच मापाची. कॅमेरा घरचा असला तरी फॉरमॅट जगाचा. सॉफ्टवेअरवाल्यांना हे समजावून सांगायला नको. आपण कितीही सुंदर सिस्टिम लिहिली तरी समोरच्याच्या एपीआयशी जुळवून घ्यावंच लागतं!

१९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, शांताराम वगैरे मंडळींनी कोल्हापुरातच 'प्रभात फिल्म कंपनी' काढली आणि १९३३ मध्ये ती पुण्याला आली. आज जिथे एफटीआयआय आहे तीच ती जागा. तोवर सिनेमा बोलू लागला होता, आणि आवाजाची पट्टी फिल्मवर चित्राशेजारीच छापावी लागे. त्यासाठी चित्राची एक बाजू खाल्ली गेली. पडद्यावर दिसणारी चौकट उरली साधारण २२ × १६ मिमी. हा मात्र खराखुरा क्रॉप!

दामले-फत्तेलाल यांचा 'संत तुकाराम' १९३६ मध्ये आला, आणि १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. त्याची चौकट आजच्या कॅननच्या क्रॉप सेन्सरएवढीच होती, मिलिमीटरभर इकडेतिकडे. तुकाराममहाराज सदेह वैकुंठाला गेले ते क्रॉपवर, आणि प्रेक्षकांना काही कमी पडल्याचं ऐकिवात नाही.

एवढी मापं झाली, तर एक यादीच करून टाकतो (चौरस मिमीत):

फुल प्लेट: ३५,६००
रोलायफ्लेक्स, अग्फा क्लिक (५६ × ५६): ३,१३६
लायका, म्हणजेच आजचं फुल-फ्रेम: ८६४
'राजा हरिश्चंद्र': ४६५
निकॉन, सोनी, फुजीचा क्रॉप: ३६७
'संत तुकाराम': ३५२
कॅननचा क्रॉप: ३३२

यादीतल्या दुसऱ्या ओळीबद्दल थोडं. होमाई व्यारावाला मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकल्या आणि पुढे दिल्लीत देशाच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून गाजल्या. त्या स्पीड ग्राफिक आणि रोलायफ्लेक्स वापरत. रोलायफ्लेक्सच्या चौकोनी फ्रेमला १ धरलं तर आपल्या फुल-फ्रेमचा क्रॉप फॅक्टर येतो १.८३. म्हणजे फुल-फ्रेमपासून एपीएस-सी जितका दूर, त्यापेक्षा रोलायफ्लेक्सपासून फुल-फ्रेम जास्त दूर! आणि हे काही फक्त पत्रकारांच्या कॅमेऱ्याचं माप नव्हतं. घरच्या जुन्या अल्बममध्ये काळ्या कागदावर चार कोपरे चिकटवून लावलेले छोटे चौकोनी फोटो आठवतात? आजी-आजोबा, मागे मारुती मंदिर? त्यातले कितीतरी अग्फा क्लिकसारख्या साध्या कॅमेऱ्यांचे. क्षेत्रफळाच्या हिशेबात आजोबांचा तो डबा आजच्या फुल-फ्रेमच्या साडेतीन पट होता :-)

आणखी एक मौज. १९५९ मध्ये ऑलिंपसने 'पेन' कॅमेरा काढला. ३६ फोटोंच्या रोलमध्ये ७२ फोटो. युक्ती काय, तर फ्रेम १८ × २४. म्हणजे सिनेमाची जुनी फ्रेमच, उभी केलेली. पण आता तिला नाव पडलं 'हाफ-फ्रेम'! तेच माप एडिसनच्या वेळी मानक होतं, १९५९ मध्ये अर्धं झालं आणि आता त्याच्याच आसपासच्या मापाला आपण क्रॉप म्हणतो. मिलिमीटर जागच्या जागी आहेत, फक्त शेजारी कोण उभं आहे त्यावर नाव बदलतंय.

मग सिलिकॉन आलं

आता खरा प्रश्न. हे सगळं असं असताना डिजिटलमध्ये ३६ × २४ च 'फुल' का ठरलं? उत्तर एका शब्दात: लेन्स.

निकॉनचा एफ माउंट १९५९ चा, कॅननचा ईएफ माउंट १९८७ चा. (माउंट म्हणजे कॅमेऱ्याच्या तोंडावरची ती कडी, जिच्यात लेन्स फिरवून बसवतात.) फिल्मच्या जमान्यात लोकांनी या माउंटच्या लेन्स घेऊन ठेवल्या होत्या. डिजिटल बॉडी काढताना त्या लेन्स टाकाऊ करणं कुठल्याच कंपनीला परवडलं नसतं. माउंट जुनाच ठेवायचा ठरलं. पण त्या मापाचा सेन्सर बनवणं तेव्हा भयंकर महाग होतं.

का महाग, हा आपल्या आवडीचा विषय. सेन्सर सिलिकॉनच्या गोल चकतीवर बनतात. समजा २०० मिमी व्यासाची चकती आहे. कडा वगैरे सोडून तिच्यावर ढोबळमानाने २५ फुल-फ्रेम बसतील किंवा ७० क्रॉप. आता धरून चाला की चकतीवर वीस ठिकाणी दोष आहेत (हा आकडा फक्त हिशेबापुरता). ज्या सेन्सरवर दोष पडला तो बाद. शक्यतेचं गणित मांडलं तर पंचवीसपैकी साधारण १४ फुल-फ्रेम चांगले निघतात, आणि सत्तरपैकी ५५ क्रॉप. क्षेत्रफळ अडीच पटीच्या आत, पण चांगला माल चौपट! शिवाय चिप छापणारी यंत्रं एका वेळी साधारण ३३ × २६ मिमीपर्यंतच छापतात, त्यामुळे फुल-फ्रेम सेन्सर तुकड्यांत छापून जोडावा लागतो.

म्हणून १९९९ चा निकॉन डी१ आणि २००० चा कॅनन डी३० हे क्रॉप होते. मापाला नाव मिळालं ते 'एपीएस' नावाच्या फिल्मवरून. १९९६ मध्ये कोडॅक, फुजी, कॅनन, निकॉन, मिनोल्टा यांनी मिळून आणलेली ही फिल्म फार चालली नाही आणि २०११ पर्यंत बंदही झाली. तिच्या 'सी' फ्रेमशी माप जुळत होतं म्हणून एपीएस-सी. फिल्म मेली, नाव उरलं. (कोडबेसमध्ये अशी व्हेरिएबलची नावं आपण रोज बघतो.)

झालं असं की जुनी २८ मिमीची वाइड लेन्स नव्या बॉडीवर ४२ मिमीसारखी दिसू लागली, आणि जुन्या लोकांना वाटलं, आपलं चित्र कुणीतरी कापलं. त्यांच्यासाठी ते खरंच कापलेलं होतं! 'क्रॉप' हा शब्द त्यांचा आहे. ज्यांच्या कपाटात फिल्मच्या लेन्स होत्या त्यांचा.

२००२ मध्ये कॉन्टॅक्स एन डिजिटल आणि कॅनन १डीएस हे फुल-फ्रेम आले. १डीएसची किंमत आठ हजार डॉलरच्या घरात. त्याउलट २००३ चा कॅनन ३००डी हा क्रॉप हजार डॉलरच्या आत मिळाला, आणि हौशी लोकांच्या हातात डीएसएलआर आला. २००५ च्या कॅनन ५डीने फुल-फ्रेम जरा खाली आणलं. निकॉनने मात्र २००७ च्या डी३ पर्यंत फुल-फ्रेम काढलाच नाही. म्हणजे आठ वर्षं निकॉनच्या डिजिटल कॅमेऱ्यांवर युद्धं, निवडणुका, ऑलिंपिक, लग्नं, सगळं क्रॉपवर निघत होतं. पुढे सोनीने २०१३ मध्ये ए७ काढून मिररलेसमध्ये फुल-फ्रेम आणलं, २०१८ मध्ये निकॉन झेड आणि कॅनन आर आले.

फुजीने वेगळाच रस्ता धरला. २०१२ मध्ये त्यांनी एक्स मालिकेच्या लेन्स मुळातच एपीएस-सीसाठी बनवल्या. त्या माउंटमध्ये मोठा भाऊच नाही. मग तिथे 'क्रॉप' म्हणायचं ते कशातून? आणि त्याच फुजीचा ४३.८ × ३२.९ मिमीचा जीएफएक्स समोर ठेवला की फुल-फ्रेमवाल्याची मान खाली :-)

थोडक्यात काय, तर 'फुल-फ्रेम' हे पूर्णत्वाचं माप नाही. ती बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी आहे. आणि जुनं काही जपायचं नसेल तर तिचं ओझं घ्यायलाच हवं असं नाही.

मग घ्यायचं काय?

इतिहास झाला, आता भौतिकशास्त्र. नाव काहीही असो, मोठ्या सेन्सरचे फायदे खरे आहेत, ते नाकारण्यात अर्थ नाही. क्षेत्रफळ २.३५ पट, म्हणजे तेवढाच जास्त प्रकाश, साधारण सव्वा स्टॉप. अंधारात फोटो तेवढा स्वच्छ. मागचं धूसर करायलाही मदत. पण फुल प्लेटवाल्याने लायकाला विचारलेला प्रश्न आपणही स्वतःला विचारायचा: मला फोटो किती मोठा करायचाय? १२ × ८ इंची उत्तम प्रिंटला ९ मेगापिक्सेलच्या आत काम भागतं. मोबाइलच्या पडद्याला त्याहून कमी.

आता तीन आपल्याकडचे प्रसंग घेऊ.

पक्षी. खराडीवरून खाली वाहत गेलेली आपली मुळा-मुठा कवडी पाटला पोचते, आणि हिवाळ्यात तिथे चक्रवाक उतरतात. नदीच्या पाण्याचं काय झालंय ते लिहायला वेगळा लेख लागेल, पण पक्षी अजून येतात. ते जवळ येत नाहीत, एवढाच प्रश्न. २४ मेगापिक्सेलच्या क्रॉपवर ३०० मिमी लावली तर त्या चक्रवाकावर जितके पिक्सेल पडतात, तितके पाडायला २४ मेगापिक्सेलच्या फुल-फ्रेमवर ४५० मिमी लागते. ४५० मिमीला पोचणाऱ्या लेन्सची किंमत आणि वजन दुकानात जाऊन हातात घेऊन बघा. पक्ष्यांसाठी क्रॉप घ्या आणि वाचलेले पैसे लांब लेन्समध्ये घाला.

रात्रीची मिरवणूक. लक्ष्मी रोड, ढोल-ताशा, दिव्यांचा पिवळा उजेड, हलणारे हात. इथे फुल-फ्रेम हवंच, असं सगळे सांगतील. पण हिशेब करू. क्रॉप बॉडीबरोबर येणारी किट लेन्स झूम केल्यावर एफ/५.६ वर जाते. तिच्या जागी एफ/१.८ ची साधी प्राइम लावली तर जवळपास दहापट प्रकाश, म्हणजे सव्वातीन स्टॉप. सेन्सर बदलून मिळत होता सव्वा स्टॉप! एवढंच कशाला, फुल-फ्रेमवर एफ/४ ची झूम आणि क्रॉपवर एफ/१.८ ची प्राइम, असा सामना लावला तर सेन्सरचा फरक धरूनसुद्धा क्रॉपवाल्याकडे दुप्पट प्रकाश जमा होतो. क्रॉपवर ३५ मिमी एफ/१.८ ही जुन्या ५० मिमीसारखी रोजची लेन्स. कमी पैशात सगळ्यात मोठी उडी हीच. कुणी लग्नांचं काम पैसे घेऊन करत असेल, अंधाऱ्या कार्यालयात चुकून चालणार नसेल, तर मात्र फुल-फ्रेम आणि त्यावर एफ/२.८ किंवा त्याहून उजळ लेन्स. तिथे तो सव्वा स्टॉप पैसे परत मिळवून देतो.

डोंगर आणि देवळं. वाइड हवं असेल तर क्रॉपला १० मिमीच्या आसपासची लेन्स लागते, तेव्हा कुठे फुल-फ्रेमवरच्या १५ मिमीसारखं दिसतं. अशा लेन्स मिळतात आणि हलक्याही असतात. ट्रेकला वजन म्हणजे काय ते बार्नाकला विचारा.

बॉडी घेण्याआधी एक काम कराच. त्या माउंटसाठी क्रॉपच्या मापाच्या चांगल्या लेन्स कोणकोणत्या मिळतात त्याची यादी काढा. काही कंपन्या क्रॉपसाठी दोन-चार किट लेन्स काढून थांबतात, म्हणजे पुढे तुम्हाला फुल-फ्रेमकडे ढकलायला बरं. फुजीसारख्या ठिकाणी यादी लांब आहे. सिग्माच्या १६, ३० आणि ५६ मिमी एफ/१.४ या तीन क्रॉप लेन्स तर कित्येकांचं पूर्ण काम भागवतात. बॉडी चार-पाच वर्षांत जुनी होते. लेन्स दहा-पंधरा वर्षं सहज चालते. साठ वर्षांपूर्वीच्या माउंटने आजच्या सेन्सरचं माप ठरवलं, हा इतिहास आपण आत्ताच पाहिला. तेव्हा निवड करताना आपण बॉडी घेतोय असं वाटलं तरी खरं तर माउंट निवडत असतो.

फाळक्यांनी पॉलिसी गहाण टाकून आणलेले पैसे लंडनमध्ये कॅमेऱ्यावर, फिल्मवर आणि भोकं पाडायच्या यंत्रावर लावले, कारण या तिन्हीशिवाय सिनेमा झाला नसता. त्यापुढचा विचार त्यांनी चौकटीच्या मापावर नाही, चौकटीत काय ठेवायचं त्यावर केला. आपलं बजेट ठरवताना हाच क्रम बरा: कशाचे फोटो काढायचेत, त्यासाठी लेन्स कुठली, आणि मग तिला शोभेल ती बॉडी. या क्रमाने जाऊन उत्तर फुल-फ्रेम आलं तर खुशाल घ्या. क्रॉप आलं तर 'सध्यापुरता' हा शब्द तेवढा गाळून टाका.